माझ्या तव्याला लाल दोरा

"म्हणजे तू चपाती खातच नाहीस? मग जेवतोस तरी काय?"

गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न मला लग्नात, एस.टी.त, क्लासमध्ये, अगदी सलूनच्या खुर्चीतसुद्धा विचारला गेला आहे. मी आपला सांगतो, भात खातो, ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी खातो, भाज्या, आमटी, अंडी, दूध, फळं, पोहे, इडली, घावन, साबुदाण्याची खिचडी, सगळं खातो. तरी समोरचा माणूस "अरेरे!" म्हणतोच. जणू मी हवा खाऊन जगतो!

(आमच्या घरी चपाती म्हणतात, शाळेतले बरेच जण पोळी म्हणतात. पदार्थ एकच, आणि मला तो दोन्ही नावांनी वर्ज्य!)

मित्रमैत्रिणींनो, मला सिलिअॅक नावाचा आजार आहे. तो काय असतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं होईल. कणीक मळली की ती चिकट होते आणि ओढली की ताणली जाते. हे होतं ते ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे. ते गव्हात असतं, जवात म्हणजे बार्लीत असतं आणि थंड देशांत पिकणाऱ्या राय नावाच्या धान्यातही असतं. ज्वारीत ते नसतं, म्हणून तर भाकरी चपातीसारखी लाटता येत नाही, थापावी लागते. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला आंघोळीच्या टॉवेलावर असतात तशी बारीक बारीक टोकं असतात. अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेतात. माझ्या पोटात ग्लूटेन गेलं, की माझ्याच शरीरातली संरक्षण करणारी यंत्रणा चवताळते आणि ही टोकं झिजवून टाकते. टॉवेलाचा पंचा होतो म्हणा ना! मग कितीही खा, अंगी लागत नाही.

हा आजार संसर्गजन्य नाही. माझ्या डब्यातलं खाल्लंत किंवा माझ्या बाटलीतलं पाणी प्यायलात, तर तुम्हाला काही होणार नाही. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो. त्यातल्या अनेकांना तर तो आपल्याला आहे हेच ठाऊक नसतं. त्याला गोळी नाही की इंजेक्शन नाही. ग्लूटेन पोटात जाऊ द्यायचं नाही, एवढंच औषध.

माझं निदान झालं आठवीत, २०२२ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी मी वर्गात ओळखला जायचो तो उंचीवरून. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागायची आणि मी कायम पहिला. माझ्यामागे सगळा वर्ग! पोट सारखं दुखायचं, मधल्या सुट्टीतच दमायला व्हायचं. दोन वर्षं लोहाचं टॉनिक घेत होतो, पण हिमोग्लोबिन काही वर सरकत नव्हतं. "हा जेवणात नाटकं करतो" असं निदान नातेवाइकांनी आधीच करून टाकलं होतं. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी करायला सांगितली. मग एन्डोस्कोपी करून आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे बारीक तुकडे तपासले, आणि आजाराला नाव मिळालं.

डॉक्टर म्हणाले, "आयुष्यभर पाळावं लागेल." तेरा वर्षांच्या मुलाला आयुष्यभर म्हणजे किती, ते कुठलं कळायला? मला एवढंच कळलं, की येत्या शनिवारी मित्राचा वाढदिवस आहे आणि तिथे केक असणार. आईने डॉक्टरांना खूप प्रश्न विचारले. बाबा गप्प होते. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "बरं झालं, कारण तरी सापडलं." मला राग आला. तिचं म्हणणं खरं होतं, पण मला त्या क्षणी ते ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात क्रांतीच झाली. गहू नुसता चपातीत नसतो, हे तेव्हा कळलं. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, टोस्ट हे तर झालंच. पण पाणीपुरीची पुरी, काही भाज्यांच्या भाजणीचं पीठ, चिनी पदार्थांतला सोया सॉस, माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरी आणि चक्क हिंग! डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, ठाऊक होतं तुम्हाला? गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, तर तीही मला चालत नाही. मग बाबांनी घरघंटी आणली. माझा पोळपाट वेगळा, चाळणी वेगळी, तवा वेगळा. गडबडीत अदलाबदल होऊ नये, म्हणून आईने माझ्या तव्याच्या कानाला लाल दोरा बांधला. (तापून तो दोनदा जळाला. आता तिथे तांब्याची तार आहे, पण घरात सगळे म्हणतात 'लाल दोऱ्याचा तवा'.)

"थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा सांगून ठेवतो. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ज्या पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं, त्या पदार्थाच्या एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. वीस मिलिग्रॅम म्हणजे मिठाची छोटीशी चिमूटसुद्धा नव्हे. थोडंसं म्हणजे किती, ते आता तुम्हीच ठरवा!

पण खरं सांगू? पथ्य पाळणं मला फारसं जड गेलं नाही. भूक भाकरीनेही भागते. जड गेलं ते सगळ्यांच्या नजरेत येणं.

निदान झाल्यावर आई शाळेत येऊन भेटून गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात मला उभं केलं आणि सांगितलं, "हा आजारी आहे. याला कोणी काही खायला देऊ नका." बाईंचा हेतू चांगलाच होता. पण त्या दिवसापासून मला कोणी म्हणजे कोणीच काही देईना. समोसा-वडापाव सोडा, चिंचा, बोरं, तिखट-मीठ लावलेला पेरूसुद्धा! डबा उघडला की माझ्या बाजूला आपोआप जागा मोकळी व्हायची. कोणीतरी 'पेशंट' असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. 'पेशंट, इकडे ये. पेशंट, बॅटिंग तुझी.' हाक मारणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं, हे मला कळायचं. तरी ती हाक टोचायची.

एक दिवस माझ्या बाकावरचा मित्र पेरू कापून घेऊन आला. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "पेरूत गहू असतो का रे?"

"नाही."

"मग घे की लेका!"

तीन आठवडे जे कोणाला सुचलं नव्हतं, ते त्याने एका प्रश्नात केलं. हा माझा मित्र अभ्यासात यथातथाच आहे, पण मला विचाराल तर वर्गात त्याच्याइतका हुशार कोणी नाही.

त्या वर्षी मी चार वाढदिवसांना गेलो नाही. घरी बसून पुस्तकं वाचली. आईला वाटायचं मी एकलकोंडा होतोय. मला आजही वाटतं, की तेव्हा माझं काही बिघडलं नव्हतं. नव्या चपलेला पाय सरावेपर्यंत जरा वेळ लागतोच. तेवढा वेळ मला हवा होता.

घरातही एक गंमत झाली. म्हणजे आज गंमत वाटते. मला वाईट वाटू नये म्हणून आईने घरात चपाती करणंच बंद केलं. सगळ्यांना भाकरी! महिनाभरानंतर कळलं, की माझी ताई शेजारच्या काकूंकडे जाऊन गुपचूप चपाती-भाजी खाऊन येते. माझ्यामुळे ताईला चोरून जेवावं लागतंय, हे कळल्यावर मला जे वाटलं, ते केक न मिळाल्याच्या दुःखापेक्षा कितीतरी वाईट होतं. मी आईला म्हटलं, "तू चपात्या कर. माझ्यासमोर कर. मला वास येऊ दे, मला चालेल." आई रडली. पण दुसऱ्या दिवशी चपात्या झाल्या, आणि मला हलकं वाटलं. तुम्ही म्हणाल, हे उलटंच झालं! पण सगळं घर आपल्यासाठी बदललं, की आपण आणखीनच वेगळे होतो.

एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून ताईच्याही रक्ताची तपासणी झाली. तिला काही नव्हतं. सगळे खूश झाले, मीही झालो. पण आत कुठेतरी एक क्षणभर वाटलं, 'असता, तर आम्ही दोघं असतो.' असं वाटतं माणसाला. डॉक्टरांना पुढे एकदा बोलता बोलता विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "असं वाटणारी बरीच भावंडं येतात माझ्याकडे." मला फार बरं वाटलं ते ऐकून.

याच डॉक्टरांनी मला एक खरी गोष्ट सांगितली. हॉलंडमध्ये हेग शहरात विलेम कारेल डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. सिलिअॅक झालेली मुलं त्यांच्याकडे असायची, खंगलेली, पोट फुगलेली. हा आजार कशाने होतो, हे तेव्हा कोणालाच नक्की माहीत नव्हतं. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर अन्नटंचाई झाली. पाव मिळेना. लोकांनी ट्यूलिपच्या फुलांचे कंद शिजवून खाल्ले. हजारो माणसं उपासमारीने गेली. आणि त्या भीषण दिवसांत डिके यांच्याकडची ही मुलं मात्र सुधारली! पुढे पाव पुन्हा मिळू लागला, तशी ती परत आजारी पडली. डिके यांनी नीट प्रयोग करून १९५० मध्ये आपला प्रबंध लिहिला आणि गव्हाचा दोष जगासमोर मांडला.

ही गोष्ट ऐकल्यापासून ती मुलं माझ्या मनातून जात नाहीत. सगळं गाव उपाशी आणि आपल्याला बरं वाटतंय! काय वाटलं असेल त्यांना? आणि त्या हिवाळ्यात त्यांच्या ताटात जे होतं, तेच सगळ्यांच्या ताटात होतं. ती तेवढ्यापुरती कोणापेक्षा वेगळी नव्हती.

मला हा अनुभव आला तो आजोळी. माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यात. २०२३ च्या जानेवारीत आम्ही हुरड्याला गेलो होतो. शेतात आगटी पेटवलेली, मामा कणसं भाजतोय, आजी ती हातावर चोळून गरम गरम दाणे देतेय. सोबत शेंगांची चटणी, गूळ, दही. सगळे तेच खात होते आणि मीही तेच. रात्री भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. तिथे रोजचं जेवणच ते! माझ्या ताटाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. आईने आजीला माझ्या आजाराबद्दल गंभीरपणे सगळं सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आगं, आमच्या वेळंला चपाती सणालाच व्हायची. त्येला काय हुतंय? खाऊ दे की भाकर."

मी खूप हसलो. पण आजोळ वर्षातून पंधरा दिवस, आणि शाळा दहा महिने. पुण्याला परत आलो, की परत 'पेशंट'.

खरी परीक्षा नववीत झाली. २०२३ च्या डिसेंबरात शाळेची सहल होती, प्रतापगड आणि रायगड, तीन दिवस. पैसे भरायला गेलो, तर ऑफिसात सांगितलं, "तुझ्या जेवणाची जबाबदारी कोण घेणार? तू या वर्षी राहू दे." सहलीला न जाणाऱ्यांचा एक वर्ग भरतो, माहीत आहे ना? दहा-बारा मुलं, एक बाई आणि दिवसभर 'वाचन'. तिथे बसायचं या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. बाबा म्हणाले, "मी येतो बोलायला." मी म्हटलं, "नको, मीच जातो."

एक फुलस्केप कागद घेतला आणि त्यावर लिहिलं. मला काय चालतं, काय चालत नाही, मी बरोबर काय नेणार आहे आणि चुकून पोटात गहू गेला तर काय होईल. पोट दुखेल, उलट्या होतील, पण लगेच जिवाला धोका होईल असं नाही, हेही लिहिलं. खाली डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. इतिहासाच्या सरांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चल. मी बघतो."

आजीने पार्सल पाठवलं होतं. सोलापूरकडची कडक भाकरी, पातळ आणि कुरकुरीत. ती कितीतरी दिवस टिकते. सोबत शेंगांची चटणी. शिवाय राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, केळी. कात्रज मागे पडलं नाही तोच एकाने विचारलं, "पेशंट, काय आणलंयस?" आणि मग काय सांगू! महाबळेश्वर येईपर्यंत माझ्या वीस भाकऱ्यांतल्या अकरा फस्त! उरलेल्या नऊ मला तीन दिवस राखणदारासारख्या सांभाळाव्या लागल्या. शेवटी मीच ओरडलो, "याला कोणी काही मागू नका रे, हा आजारी आहे!" सगळी बस हसली. बाईसुद्धा हसल्या.

रायगडावर झोपडीतल्या मावशींकडे सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. सरांनी आत जाऊन आधी चौकशी केली, पीठ कसलं, हिंग घालता का, तव्यावर दुसरं काही भाजता का? पीठ तांदळाचं होतं, हिंग नव्हता. सरांनी बाहेर येऊन नुसती मान हलवली. भर वर्गात उभं करणं आणि अशी मान हलवणं, यात जो फरक आहे, तो मला कोणत्याही पुस्तकाने इतका नीट शिकवला नसता.

आता लगेच असं समजू नका, की सगळं छान झालं. त्याच सहलीत पाचाडच्या मुक्कामी रात्री मुलांनी पातेलंभर नूडल्स केल्या. थंडी, वाफ आणि तो मसाल्याचा वास! मी भाकरी मोडत बसलो होतो आणि मला रडू येत होतं. मित्र शेजारी येऊन बसला. काही बोलला नाही. त्याने नूडल्स खाल्ल्या, मी भाकरी खाल्ली. असे दिवस अजूनही येतात. आले की मी चिडतो, दार लावून बसतो आणि मग बाहेर येतो. राग येऊच नये, असं मला कोणी सांगितलं की मला त्याचाही राग येतो.

शेजारच्या काकूंच्या सत्यनारायणाची गोष्ट सांगायलाच हवी. प्रसादाच्या शिऱ्याला मी हात जोडून "नको" म्हटलं, तर काकूंचा चेहरा पडला. "प्रसादाला नाही म्हणू नये रे." मी तीर्थ घेतलं, केळं घेतलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. मला रात्रभर अपराधी वाटत राहिलं. मग दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं, टॉवेल, पंचा, सगळं. पुढच्या वर्षी पूजेला गेलो, तर काकूंनी पंचामृताशेजारी एक झाकलेली वाटी आधीच बाजूला ठेवली होती. वरीच्या तांदळाचा शिरा! "देवाला दोन्ही दाखवलेत," म्हणाल्या.

आईबाबांनाही एक सांगतो. कोणी काही विचारलं, की मुलाच्या आधी तुम्ही उत्तर देऊ नका. माझी आई आधी "त्याला ना, बिचाऱ्याला..." अशी सुरुवात करायची. आता ती माझ्याकडे बघते आणि मी सांगतो, "गहू माझ्या आतड्याला चालत नाही, बाकी सगळं चालतं." एवढं एकच वाक्य. त्यात 'बिचारा' कुठेच नाही.

आणि मी एक वही केली आहे, खाऊची वही. काय चालतं, कुठे मिळतं, कोणाला काय विचारायचं, सगळं त्यात टिपून ठेवतो. भाजणीला तर तीन पानं दिली आहेत, कारण प्रत्येक घरची भाजणी वेगळी.

दर सहा महिन्यांनी तपासणी असते. आता मी अकरावीत आहे, हिमोग्लोबिन बरं आहे आणि उंची वाढली आहे. दहावीत प्रार्थनेच्या रांगेत माझ्यापुढे चौदा जण होते! गेल्या खेपेला दवाखान्यात एक सात-आठ वर्षांची मुलगी आईला चिकटून बसली होती. हातात नवीन फाइल. तिची आई माझ्या आईशी हळू आवाजात बोलू लागली. मी वही काढली. मुलीने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग एकदम विचारलं,

"दादा, अनारसे चालतात?"

"चालतात. तांदूळ, गूळ, खसखस. फक्त शंकरपाळ्यांच्या तेलात तळलेले नकोत."

"करंजी?"

"तांदळाच्या पिठाची उकडीची चालते."

"आणि चकली?"

मी भाजणीची पानं उघडली. तिची यादी बरीच मोठी होती. आमचा नंबर पुकारला, तेव्हा आम्ही नुकते चिवड्यापर्यंत पोचलो होतो.